वैरणवाले कांबळे सर

फुटबॉलची फायनल होती. एक-एक अशी बरोबरी, शेवटची तीन मिनिटं, आणि पेनल्टी. मैदानाभोवती गर्दी एवढी की शेजारच्या घरांच्या गच्च्या वाकल्या होत्या. कडेच्या कडुलिंबावर तर इतकी माणसं चढली होती की त्या झाडानं पुढची दोन वर्षं पालवी धरली नाही. पंच मी. चेंडू ठिपक्यावर ठेवला, मागं सरलो, शिट्टी तोंडात घातली, तेवढ्यात पांढरा शर्ट, खांद्याला खाकी पिशवी आणि पायात करकरणारं कोल्हापुरी पायताण घातलेला एक माणूस बागेत फिरायला आल्यासारखा मैदानात आला आणि चेंडूसमोर गुडघ्यावर बसला. खिशातून भिंग काढलं आणि चेंडूच्या बुडाशी धरलं.

"कांबळे सर!" मी ओरडलो. "फायनल हाय!"

"व्हय की," सर वर न बघता म्हणाले. "फुलोरा आलाय. चेंडू जरा हातभर डावीकडं घ्या."

"ओ पावणं, उठा की!" लिंबावरून आवाज आला.

"म्हातारं कुणाच्या बाजूचं हाय रं?"

"गवताच्या!" दुसऱ्या फांदीनं उत्तर दिलं.

सरांनी पिशवीतून छोटा सुरा काढला. गोलकीपर चार पावलं मागं सरला आणि जाळ्यात अडकला. सरांनी त्या वीतभर गवताचा ठोंब मुळासकट उकरला, माती झटकली, वर्तमानपत्राच्या घडीत झोपवला, पिशवीत घातला आणि आले तसे निघून गेले. जाताना मला म्हणाले, "आता खेळा." पेनल्टी घ्यायला पाच मिनिटं ताटकळलेल्या पोरानं मग जी किक मारली, तो चेंडू थेट रंकाळ्यात पडला असं म्हणतात. मी स्वतः तो क्रॉसबारवरून जाताना पाहिला, खाली येताना मात्र कुणीच पाहिला नाही. हरलेल्या तालमीची (इथले संघ तालमींचेच) माणसं अजूनही त्या सामन्याला 'गवतानं घालवलेली फायनल' म्हणतात.

तर असे हे प्राध्यापक दौलत कांबळे. मी त्यांच्याच कॉलेजात खेळाचा मास्तर. कागदावर क्रीडा संचालक, सगळ्यांच्या तोंडात पीटी सर. ते वनस्पतिशास्त्राचे, पण आंबा, वड, पिंपळ असल्या बड्या मंडळींशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा विषय फक्त गवत. कुठलं गवत कुठल्या कुळातलं, त्याचे भाऊबंद कोण, नाव काय, हे ठरवायचं. ह्याला वर्गीकरणशास्त्र म्हणतात हे मला वीस वर्षं एकाच गल्लीत राहून कळलं. पोरं त्यांना 'वैरणवाले सर' म्हणत, आणि त्यांच्या चौदा लोखंडी कपाटांच्या खोलीला 'वैरणखाना'. त्या कपाटांत जिल्हाभरातली गवतं वाळवून, जाड कागदांवर चिकटवून, नावाच्या चिठ्ठ्या लावून ठेवलेली होती.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "ऊस गवत हाय." हे वाक्य जगात कुठंही म्हणावं, कोल्हापूर जिल्ह्यात म्हणू नये. पण सर ते कुठंही म्हणत. एकदा स्नेहसंमेलनाला एका साखर कारखान्याचे संचालक प्रमुख पाहुणे होते. आभार मानायचं काम कुणाच्या दुर्बुद्धीनं सरांकडं आलं कोण जाणे. सर माईकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "साहेबांनी आयुष्यभर गवत पिळून जिल्ह्याचं कल्याण केलं, त्याबद्दल आभार." व्यासपीठावरचे हार सुकले. प्राचार्यांनी खुर्चीचा हात असा धरला की तो निघून त्यांच्या हातात आला. संचालक मात्र इरसाल. गाडीत बसताना त्यांनी सरांना जवळ बोलावलं.

"मास्तर, ऊस खरंच गवत हाय?"

"व्हय."

"आणि भात?"

"गवत."

"जोंधळा?"

"गवतच की."

"मग आम्ही म्हशीपेक्षा येगळं काय खातोय वो?"

"मीठ घालून खातोय," सर म्हणाले.

जेवायला बसले की ताटाकडं बघून हजेरी घेत. भाकरी गवत, भात गवत, आणि मटण म्हणजे गवत खाऊन चालतं-फिरतं झालेलं गवत. माझ्या बायकोनं एकदा त्यांना गवती चहा घातलेला चहा दिला. "वहिनी," सर गहिवरून म्हणाले, "पात गवत, साखर गवत, आणि दूध म्हशीनं गवताचंच केलंय. तुम्ही मला शुद्ध गवत पाजलंसा." त्यानंतर आमच्या घरात महिनाभर चहा कुणाला गोड लागला नाही.

उलट जे गवत नाही त्याला गवत म्हटलेलं त्यांना खपत नसे. कुणी 'गाजरगवत' म्हटलं की सर रस्त्यात थांबून वाद घालत. "गवत न्हाय ते! उगीच आमच्या घराण्याचं नाव कशाला लावतासा?" एकदा मी व्यवस्थापनाच्या मागं लागून मैदानावर परदेशी लॉन लावून घेतलं. ठेकेदार लांबून आला होता, गॉगल लावून. आठ दिवसांनी हिरवं कोंब वर आलं आणि मी छाती फुगवून सरांना बोलावलं. त्यांनी एक काडी उपटली, दोन बोटांत फिरवली आणि माझ्या बोटांत दिली. "फिरवा. कडा लागत्यात का न्हाय?"

"तीन कडा लागत्यात."

"मग हे गवतसुद्धा न्हाय, पीटी सर. लव्हाळा हाय. शेतकरी हे उपटून उपटून म्हातारा होतोय, आणि तुम्ही गाव गोळा करून लावलंसा." ठेकेदाराचा गॉगल तेवढा हाती लागला, ठेकेदार काही सापडला नाही.

आमची भांडणं कायमचीच. मला मैदान कापायचं असे, त्यांना ते वाढवायचं असे. मी मजूर लावले की सर आडवे येत. "फुलोरा आल्याशिवाय नाव कळत न्हाय. आठ दिवस थांबा." आठ दिवसांनी दुसऱ्याच कुठल्या गवताला फुलोरा येई. एका वर्षी तर मैदान एवढं माजलं की लांब उडी मारलेला एक विद्यार्थी थेट तिसऱ्या दिवशी सापडला.

घरीही तेच. गवतं वर्तमानपत्रांत दाबून वाळवायची, कागद रोज बदलायचे. पावसाळ्यात त्यांच्या घरातल्या दोऱ्यांवर वर्तमानपत्रं वाळत आणि माणसांचे कपडे ओले राहत. ते कागद वाळले की सर वाचत. त्यामुळं त्यांच्याकडच्या बातम्या दीड-दोन वर्षं शिळ्या असत. पडून गेलेल्या सरकारवर ते माझ्याशी तावातावानं बोलत, आणि निवृत्त झालेल्या फलंदाजाला संघात घ्या म्हणत.

पण ह्या माणसाकडं लोक येत, हेही सांगितलं पाहिजे. एकदा भुदरगडकडचा एक शेतकरी आईला घेऊन आला. भाताच्या तरव्यात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, भातासारखंच दिसणारं तण माजलं होतं. लोंबी येईपर्यंत ओळखू येत नाही, आणि आल्यावर उपटून उपयोग नाही. सरांनी त्यातली दोन रोपं घेतली, पान जिथं काडीला बिलगतं तिथं वाकवलं आणि भिंग म्हातारीच्या डोळ्याला लावलं.

"आज्जी, पानाच्या खांद्यापाशी पापुद्रा दिसतोय?"

"हाय बाबा. पांढरा."

"ती गवताची जीभ. भाताला असतीया. आता ह्या दुसऱ्याची बघा."

"ह्याला न्हाय की!"

"मग ते चोर. बिनजिभेचं दिसलं की उपटायचं."

म्हातारीनं गावात जाऊन सगळ्या बायकांना शिकवलं. पुढच्या वर्षी सरांच्या घरी पायलीभर तांदूळ आला. "बघा," सर मला म्हणाले, "नाव कळलं की निम्मं काम झालं. आणि ह्यास्नी वाटतं, आम्ही कागदावर काड्या चिकटवतो."

'ह्यास्नी' म्हणजे कॉलेजाला. कारण तोवर दोन हजार साल ओलांडलं होतं आणि बायोटेकचं वारं आलं होतं. विभागाची पाटी बदलली, फ्रीजएवढी यंत्रं आली. सरांचा खास पेपर घेणारी पोरं दहावरून पाचावर, पाचावरून एकावर आली. तो एकही फॉर्म भरताना चुकून आला होता. नवे प्राचार्य सज्जन, पण घाईचे. ते सरांना म्हणाले, "सर, आता जमाना डीएनएचा आहे."

"काढा की डीएनए," सर म्हणाले. "पण कुणाचा काढलाय ते सांगायला कोण येणार?"

प्राचार्यांना उत्तर सुचलं नाही. उत्तर सुचलं नाही की अधिकारी माणूस खोली रिकामी करायला सांगतो. कपाटं वसतिगृहामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवायची ठरली. त्या शेडचं छप्पर एवढं गळकं की तिथं बाहेरच्यापेक्षा जास्त पाऊस पडे. कोल्हापूरच्या एका पावसाळ्यात चौदा कपाटांचं खत झालं असतं. आणि रिकामी झालेली खोली मिळणार होती मला, जिमखान्याला. अनुदानातून बारा पोरं एकाच वेळी लोंबकळतील असं व्यायामाचं मोठं यंत्र आलं होतं. खोटं कशाला सांगू, त्या खोलीवर माझा डोळा सहा वर्षांपासून होता.

तरी प्राचार्यांनी एक वाट ठेवली. म्हणाले, ह्या संग्रहातली सगळी नावं तपासलेली आहेत, बरोबर आहेत, असा बाहेरच्या जाणकाराचा दाखला जूनच्या आत आणा, कपाटं जागची हलवणार नाही. सरांनी पत्रं लिहिली. त्यांची गवतं तपासू शकतील अशी त्यांच्या माहितीत चारच माणसं उरली होती. एकाच्या मुलाचं उत्तर आलं, बाबा दिवाळीत गेले. दुसरे मुलीकडं परदेशात, डोळ्यांनी अधू. तिसऱ्यांनी मोठं प्रेमळ पत्र लिहिलं की गवत कधीच सोडलं, हल्ली कीर्तन करतो, जमल्यास ऐकायला या. चौथं पत्र 'पत्ता सापडत नाही' असा शिक्का घेऊन परत आलं.

प्राचार्यांनाही वाईट वाटलं. ते म्हणाले, "बाहेरचं कोणी नसेल तर राहू दे. तुम्हीच लिहून द्या. सगळी नावं बरोबर आहेत, खाली सही. विषय संपला."

मी तिथंच बसलो होतो. मनात म्हटलं, गेली खोली.

सरांनी पेनाचं टोपण काढलं, परत घातलं. मग म्हणाले, "तसं लिहून देता येत न्हाय," आणि उठून गेले.

वीस वर्षांत ह्या माणसानं गवताच्या नावावर एकदाही कच खाल्लेली मी पाहिली नव्हती.

मे महिन्याच्या सुट्टीत, यंत्र कसं मावेल ते बघायला मी टेप घेऊन वैरणखान्यात गेलो. सर फरशीवर बसले होते, भोवती कागदांचे ढीग. डांबरगोळ्यांचा वास एवढा की कपाटातली झुरळं शिंकत होती.

"मोजा," सर म्हणाले. "दार साडेतीन फूट हाय."

मला लाज वाटली. टेप खिशात टाकून मी खाली बसलो. "सर, एक सही केली असती तर काय बिघडलं असतं?"

त्यांनी एक जुना पिवळा कागद पुढं ओढला. गवताच्या काडीखाली तीन चिठ्ठ्या चिकटवलेल्या, प्रत्येकीवर वेगळं नाव, वेगळी सही, वेगळी तारीख.

"हे बघा. पहिलं नाव माझ्या सरांच्या सरांनी दिलं. माझे सर म्हणाले, चूक. त्यांनी आपली चिठ्ठी लावली. मग मी म्हणालो, दोघंही चुकलासा. मी माझी लावली. आधीची चिठ्ठी फाडायची न्हाय, खोडायची न्हाय. शेजारी आपली लावायची. सही करून भांडायचं. मेलेल्या माणसाशीसुद्धा भांडता येतंय हितं."

मग दुसरं कपाट उघडून त्यांनी भराभर कागद उलटले. सगळ्यांवर एकच चिठ्ठी. सगळ्या सह्या सरांच्या.

"माझ्या चिठ्ठीशेजारी कुणाचीच न्हाय," ते म्हणाले. "पहिली काही वर्षं वाट बघितली. मग वाटलं, पोरं नीट बघत नसतील. म्हणून खडे टाकले."

"खडे?"

"दरवर्षी एका कागदावर मुद्दाम चुकीचं नाव लिहिलं. कुणीतरी पकडंल. धावत येईल, म्हणंल, सर, हे चुकलंय! असे बारा झाले." ते माझी नजर चुकवत होते. "आमच्या धंद्यात ह्याच्यापेक्षा मोठं पाप न्हाय, पीटी सर. आणि आता 'सगळी नावं बरोबर' म्हणून सही कशी करू?"

"मग ते बारा दुरुस्त करा की!"

"कुठले ते आठवत न्हाय."

"यादी?"

"यादी केली असती तर पेपर फोडल्यासारखं झालं नसतं?"

मी डोक्याला हात लावला. चार हजारांवर कागद, आणि त्यात मुद्दाम लपवलेले बारा खोटे, लपवणाऱ्यालाच ठाऊक नसलेले! पण आता मला उठवेना. दुसऱ्या दिवसापासून पहाटे मैदानावर पोरांना पळवून झालं की मी वैरणखान्यात जाऊ लागलो. मी कागद काढायचे, सरांनी भिंगातून बघायचे, मी परत लावायचे. बायको म्हणाली, "तुमच्या अंगाला बंद ट्रंकेचा वास याय लागलाय." मे संपत येईतो अकरा खडे सापडले. प्रत्येक वेळी सर स्वतःवर खूश होत, "काय चलाखीनं लपवलाय बघा!" आणि लगेच पुढचा कागद ओढत.

बारावा काही सापडेना. जून उजाडायला दोन दिवस उरले. त्या दुपारी डांबरगोळ्यांनी सरांचे डोळे चुरचुरायला लागले. "एवढी फाईल तुम्ही बघा, मी तोंड धुऊन येतो," म्हणून ते नळावर गेले.

फाईलीत आठ कागद, एकाच जातीचे. महिनाभर बघून बघून मलाही जीभ बघायची खोड लागली होती. काही गवतांची जीभ पापुद्र्याची असते, काहींची नुसती केसांची झालर. मी भिंग लावलं. पहिल्याला केस. दुसऱ्याला केस. सातही जणांना केस. आठव्याला पापुद्रा! मी आयुष्यभर संघ उभे केलेत, बाहेरचा खेळाडू घुसवलेला मला लांबून कळतो.

"सर!" मी एवढ्यानं ओरडलो की नळावरची तोटी आपोआप बंद झाली. "पकडला! बारावा!"

सर ओल्या तोंडानं आले. कागद खिडकीपाशी नेला, भिंग लावलं. बघितलं, पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "चूक हाय म्हणणं सोपं. काय हाय ते सांगा."

मला वाटलं, परीक्षा घेतायत. मी दीड तास कपाटं धुंडाळली. नवव्या कपाटात, खालून दुसऱ्या कप्प्यात, तसाच पापुद्रा आणि तसाच तुरा असलेली जोडी सापडली. दोन्ही कागद शेजारी ठेवले. सर मान डोलावत राहिले.

"हा माझा खडा न्हवं," ते हळूच म्हणाले.

"म्हणजे?"

"हे मी मुद्दाम केलेलं न्हाय. ही खरी चूक हाय. माझी." त्यांनी टेबलाच्या खणातून एक कोरी चिठ्ठी काढली, माझ्यापुढं ठेवली, स्वतःचं पेन दिलं. "लिहा. नाव मी सांगतो त्या स्पेलिंगनं लिहा. खाली तुमचं पूर्ण नाव. वडिलांचं पण. तारीख घाला."

मी लिहिलं. त्यांनी ती चिठ्ठी डिंक लावून स्वतःच्या चिठ्ठीशेजारी चिकटवली, बोटानं दाबली, आणि दाबूनच बसून राहिले. डिंक केव्हाच वाळला होता.

मी तिथून निघालो तो थेट प्राचार्यांकडं. अर्ज दिला: सदर खोलीचं दार अरुंद असल्यानं व्यायामाचं यंत्र आत जाऊ शकत नाही, शिवाय त्या वजनानं फरशी खचून खालच्या मजल्यावरील परीक्षा विभाग दगावण्याचा संभव आहे, तरी जिमखान्यास ती खोली नको. "खालचा मजला?" प्राचार्य म्हणाले. "ती खोली तळमजल्यावर आहे ना?" "मग जमिनीत जाईल," मी म्हणालो. त्यांनी चष्मा पुसला आणि अर्जावर 'मान्य' लिहिलं. यंत्र अजून व्हरांड्यात ताडपत्रीखाली उभं आहे. पोरं त्यावर टॉवेल वाळत घालतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला गल्लीत गलका झाला. बघतो तर कांबळे सर. इस्त्रीचा शर्ट, आणि हातात दोन किलो पेढ्यांचा पुडा. दारोदार वाटत येत होते.

"काय झालं वो सर?" समोरच्या पाटलीणबाईंनी विचारलं. "नातू झाला?"

"न्हाय. ह्या पीटी सरांनी काल माझी चूक काढली."

"अगं बाई!" त्या माझ्यावर उखडल्या. "एवढ्या शिकलेल्या माणसाची चूक काढताय? लाज न्हाय वाटत? आणि ह्यांनी त्याचे पेढे वाटायचे?"

"खरी चूक, वहिनी!" सर माझ्या बायकोला सांगत होते. "मुद्दाम केलेली न्हवं! अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा!" बायकोला काही कळलं नाही, पण तिनं पेढा घेतला आणि त्यांना बसायला खुर्ची दिली.

"आता लिहून देतो प्राचार्यांना," ते म्हणाले. "अकरा खडे सापडले, बारावा अजून आतच हाय, एक खरी चूक सापडली, आणखी असतील. खोली गेली तर जाऊ दे."

"खोली कुठं जात न्हाय," मी म्हणालो. "यंत्र दारात मावत न्हाय."

"मावतंय की. मी मोजलंय."

"सर, गप्प बसा आणि पेढा खावा."

त्यांनी पेढा तोंडात टाकला. सावकाश चघळला. मग पुडा बांधता बांधता थांबले, कुणाला कळू नये अशा आवाजात म्हणाले, "आता अजून एक माणूस पाह्यजे, पीटी सर."

"आता कशाला?"

"तुमची चूक काढायला," ते म्हणाले, आणि पुड्यात उरलेले पेढे मोजू लागले.